भाडेकरूला शंख हवा

३ नोव्हें. १९९६
दिवाळी तोंडावर. लॅबमध्ये शुकशुकाट. सणात बारामतीत कोणी आजारी पडत नाही, फराळ उरकला की मग रांगा लावून शुगर तपासायला येतात. म्हणून दुपारीच घरी. हॉलमध्ये गल्लीतल्या बायका माझ्या समुद्री माशांच्या टाकीपुढं ठाण मांडून. "हे खातात का?" हा पहिला प्रश्न. "केवढ्याला पडलं?" हा दुसरा. तिसरा प्रश्न आजवर एकाही माणसाने विचारलेला नाही. शैला त्यांना चहा देते आणि 'ह्यांना छंद आहे' असं, नवऱ्याला दारू आहे हे सांगावं त्या सुरात सांगते.
शंखातल्या खेकड्याला 'भाडेकरू' हे नाव तिनेच दिलं. लग्नानंतर तिच्या हातून घडलेली एक बरी गोष्ट. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहायचं, अंग वाढलं की मोठा शंख शोधायचा, हा त्याचा जन्मभराचा धंदा. आता पुन्हा वाढलाय. पाय पूर्ण आत जात नाहीत. समुद्र असता तर एव्हाना त्याने सोय पाहिली असती. इथं त्याची सोय मी पाहायची.

७ नोव्हें.
लाईट सकाळपासून नाही. हवेचा पंप स्कूटरच्या बॅटरीवर लावला. वीज मंडळाला फोन केला तर पलीकडचा म्हणे, "पीठगिरणी आहे का तुमची?" मासे म्हटल्यावर हसला आणि ठेवून दिला.
समुद्रफूल आज टपोरं उमललंय. ते फूल नाही, प्राणी आहे, हे आईला वर्षभर सांगतोय. खायची आणि टाकायची वाट एकच. आपल्या पुढाऱ्यांनाही तशीच रचना दिली असती तर निदान प्रामाणिकपणा दिसला असता.
आईची पूजा स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर, स्टुलावर चढून. देव आधी हॉलमध्ये ईशान्येच्या कोपऱ्यात होते. पण ऊन न येणारी, खाली भक्कम कोबा असलेली घरात तेवढीच जागा. टाकीला जागा लागते. देव सगळीकडे असतात असं तीच म्हणते, मग फळीवर का नसावेत? तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. स्टुलावरून गुडघे धरून उतरते, ते मला दिसावं म्हणून.

१४ नोव्हें.
भाऊबीज उरकली तरी ताई-दाजी लासुर्ण्याला जायचं नाव घेत नाहीत. दाजींचा ऊस, दाजींची द्राक्षं, दाजींचा नवा बंगला. बंगल्यात आता अशीच टाकी हवी, पण 'मोठी', आणि मासे 'जरा चकाकणारे'. मी लॅबमध्ये लघवी तपासतो म्हणून मला चारचौघांत डॉक्टर म्हणतात आणि डोळा मारतात.
दुपारी हात जोडून टाकीपुढं उभे. खिशातली सुट्टी नाणी काढली आणि टाकली पाण्यात. मी बाही वर करून हात घातला तर म्हणाले, "राहू द्या की पाव्हणं. नरसिंगपूरला संगमावर टाकतोच की आमी. पाणी दिसल्यावर हात रिकामा ठेवू न्हाय." मी नाणी वेचली. त्यांना वाटलं, पैशासाठी. ताईकडे बघून हसले सुद्धा.

१७ नोव्हें.
कोळंब्या मेल्या. लाल पट्ट्यांच्या, माशांचं अंग साफ करणाऱ्या, दोन्ही. दगडामागं अजून दोन नाणी सापडली, हिरवी पडलेली. नाण्यात तांबं असतं. तांब्याचा अंश पाण्यात उतरला की कोळंबीच्या जातीला विष, आणि खेकडाही त्याच जातीचा. साठवलेलं समुद्राचं पाणी होतं नव्हतं तेवढं बदललं. भाडेकरू वाचला. कसा ते त्यालाच माहीत.
दाजींना फोनवर सांगितलं. म्हणाले, कोळंबी खायची असती, आधी सांगायचं.

२१ नोव्हें.
चूक मुंबईच्या दुकानदाराची. ट्रिगर मासा देताना म्हणाला होता, गरीब मासा आहे. त्या गरिबाने आज भाडेकरूच्या शंखाची कड फोडली. अर्धी कमान गेली. आतलं मऊ पोट दिसतंय, उकडलेल्या बटाट्यासारखं. ट्रिगरला काढून न्हाणीघरात बादलीत टाकलं, शैला ओरडली, ओरडू दे.
भा. खात नाही. डोळ्यांवर धुरकटपणा आलाय, म्हणजे कात टाकायला आला. कात टाकल्यावर काही दिवस अंग लोण्यासारखं मऊ असतं. तेव्हा आख्ख्या शंखात बसला नाही तर जोकर मासेसुद्धा त्याला टोचून खातील. तेवढ्यात शंख मिळाला पाहिजे.

२३ नोव्हें.
अख्खी बारामती पालथी घातली. मंडईपासून भिगवण रोडपर्यंत. शंख आहे का विचारलं की माणसं, शंख वाजवायला कोण वारलं, असं विचारतात. एका दुकानात किल्लीच्या साखळीचे, सुपारीएवढे. एकात प्लॅस्टिकचा, आत बल्ब.
अलिबागहून पाण्याचे कॅन आणणाऱ्या टेम्पोवाल्याला बजावून सांगितलं होतं: मुठीपेक्षा मोठा, रिकामा, अख्खा शंख. पोतंभर शिंपले घेऊन आला. उघडे, चपटे, चमच्यासारखे. "शंख काय न् शिंपला काय, समिंदराचंच हाय की." समुद्र रोज डोळ्यांनी बघणाऱ्याची ही अक्कल. पोतं अंगणात पडलंय.
मुंबईचा दुकानदार म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू.

२५ नोव्हें.
ताईने दाजींकडून शंख पाठवला. बंगल्याच्या शोकेसमधला. केवढा आनंद झाला मला! कागद काढला तर वार्निश मारलेला, आणि शेंडा कापलेला. वाजवायचा शंख. मागून भोक असलेलं घर खेकडा घेत नाही, मागच्या भिंतीशिवाय कोण राहील? वार्निश पाण्यात सुटेल ते वेगळंच. सोबत दाजींच्या अक्षरात चिठ्ठी: 'तुमच्या खेकड्यास सप्रेम भेट.' दाजींना यात विनोद केल्यासारखं वाटलं असणार.

२६ नोव्हें.
गॅस बदलायला स्वयंपाकघरात गेलो, आणि वर नजर गेली.
फळीवर खंडोबाचा टाक, बिरोबा, भंडाऱ्याची वाटी, आणि ताम्हणात शंख. चाळीस पावसाळ्यांचा असेल. आबांनी मेंढरं विकून जमीन घेतली, तेव्हा आई-आबा रामेश्वरला गेले होते, तिथून आणलेला. पाण्याचा शंख, वाजवायचा नव्हे. म्हणजे शेंडा शाबूत.
आई मारुतीला गेली होती. स्टुलावर चढलो. दोऱ्याने तोंड मोजलं. भाडेकरूसाठी बेतून शिवल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा देवघरात कामाची वस्तू सापडली.
मागून आवाज: "ठिव तितं." दारात उभी होती.

२७ नोव्हें.
मागितला. सरळ. सगळं समजावून सांगितलं: कात, मऊ पोट, फुटकी कड. तिने तांदूळ निवडत ऐकून घेतलं. वाटलं, आता रडारड, आबांची आठवण. काही नाही. वरकुट्याच्या बाजारात मेंढरू विकावं तशी बोलली.
"देते. देव त्यांच्या जागी बसव, शंख घेऊन जा."
टाकी हलवायला सांगतेय. टाकी! म्हटलं, आई, ते कपाट नाही. पाणी उपसायचं, दगड काढायचे, समुद्रफूल दगडाला चिकटलेलं असतं, ते फाटलं की मेलं. अर्धे जीव मरतील.
"मग खेकडा मरू दी," म्हणाली, आणि तांदळातला खडा बाजूला टाकला.

३० नोव्हें.
तीन दिवस अबोला. बोलणार काय. ही बाई सही करता येत नाही म्हणून अंगठा देते आणि मला व्यवहार शिकवते. शैलाही तिच्या बाजूची. म्हणते, असल्या गुडघ्यांनी त्यांना त्या स्टुलावर चढताना पाहिलंय का कधी, मागच्या आठवड्यात पडता पडता राहिली. मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन पायऱ्या करून दिल्या असत्या, देव हलवायची गरज काय?
नळाचा पीव्हीसीचा वाकडा तुकडा घासून, उकळून टाकीत ठेवला. भा.ने पाय घालून पाहिले, मिशा हलवल्या, निघून गेला. मलाही तसला फ्लॅट कोणी दाखवला तर असाच निघेन.

३ डिसें.
आज भा. एका बाजूला कलंडून पडलेला. हात घातला तर पाय हलवले. जिवंत.
ह्या घरात मी लॅबमधून आल्यावर मला बघून जागचा हलणारा तो एकटा. काचेवर येतो, मोठी नांगी वर करतो. भुकेने करतो हे कळतं मला. शैला तर भुकेने सुद्धा उठत नाही. आणि मी ह्याला मरू देणार, कशासाठी? कोपऱ्यासाठी.

४ डिसें.
आईला म्हटलं, हलवतो टाकी. शंख दे आधी, तो वाचू दे, मग सावकाश हलवू. मनात म्हटलं, एकदा शंख पाण्यात गेला की कोण काढतंय. उन्हाळ्यापर्यंत विसरेल.
ती बघत राहिली माझ्याकडे. मग: "शपथ घे."
घेतली असती. शपथा मी लहानपणापासून फुटाण्यासारख्या खाल्ल्यात. विद्येची, आईची, देवाची. काही बिघडलेलं नाही. म्हटलं, खंडोबाशप्पथ.
"देवाची नगं. तुजा इश्वास न्हाय त्याच्यावर. त्या खेकड्याची घे."
हसलो. हसून तोंड उघडलं. मूर्खपणा. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघणारा माणूस मी. टाकीकडे बघितलं, तो कलंडून पडलेला, आणि म्हणता येईना. चहा न घेता बाहेर पडलो.

५ डिसें.
सकाळी घेतली. टाकीपुढं उभं राहून, नीट, पूर्ण वाक्यात. शैला पदर तोंडाला लावून बघत होती. आता खरंच हलवावी लागणार.
आईने शंख ताम्हणातून काढला, पदराने पुसला, कपाळाला लावला, माझ्या हातात दिला. आबांनी जमिनीचा सातबारा तिच्या हातात दिला होता तेव्हा तोही असाच कपाळाला लावला होता म्हणे.

६ डिसें.
इतकी वर्षं तांब्याच्या ताम्हणात बसलेला शंख. रोज तांब्याच्या पळीने पाणी. असाच टाकीत घातला असता तर दाजींची नाणी बरी म्हणायची वेळ आली असती. उकळून घेतला. लॅबमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घातलाय, सारखं पाणी बदलतोय. हळद सुटते, कुंकू सुटतं, थांबतच नाही. आई येऊन बघते. "लई आंगुळ घालतुयास." आजवर देवाला मी घातलेली पहिलीच.
भा. शंखातून अर्धा बाहेर. मागं जायला त्राण नाही.

९ डिसें.
पाणी आता स्वच्छ. अजून एक दिवस. की नको? थांबलो तर हा जातो, घाई केली तर विष. लॅबमध्ये एका पेशंटचं नाव दुसऱ्याच्या रिपोर्टवर लिहिलं, वेळेत लक्षात आलं.
टेम्पोवाल्याला ड्रम आणायला सांगितले. रविवारी टाकी हलवायची, खिडकीच्या अलीकडच्या भिंतीला. तिथं दुपारी ऊन येतं. पडदा लावावा लागेल. समुद्रफुलाचं काय होईल देव जाणे. म्हणजे, कोणास ठाऊक.
आईला विचारलं, शंखात तो गेलाच नाही, मेला, तर? तरीही हलवायची?
"हलवायचीच. शपथ तू खेकड्याची घेतलीस. शंखाची न्हाय."
ह्या बाईला वकील करायला हवी होती.

११ डिसें.
सकाळी शंख टाकीत ठेवला, त्याच्या पुढ्यात. दुपारपर्यंत ढिम्म. लॅबला गेलोच नाही. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांना दारातून परत पाठवलं. एकीने विचारलं, मेला का?
चारच्या सुमारास उठला. शंखाला वळसा घातला. नांगीने दार चाचपलं. एक पाय आत, दुसरा पाय आत, खोलवर, शेंड्यापर्यंत मोजत असल्यासारखा. भोक शोधत होता. नाही मिळालं. मग नव्या शंखाचं तोंड आपल्या तोंडाशी ओढलं आणि थांबला. श्वास घेतो का, कळेना. मी काचेला नाक लावून. आई खाली बसलेली, पाय पसरून.
जुन्यातून बाहेर आला. पूर्ण. इतके दिवस पाळला, कधी असा पाहिला नव्हता. एवढासा, वाकडा, उघडा.
आई म्हणाली, "लाईट घालव. आन् तोंड फिरीव तिकडं. कापडं बदलताना कुनी बगतं व्हय?"
टाकीची ट्यूब बंद केली. दोघं पाठ करून बसलो, ती भिंतीकडे, मी दाराकडे. बाहेरच्या उजेडात हे लिहितोय. मागं काचेवर काहीतरी घासल्याचा आवाज आला, मग शंख काचेला लागल्यासारखं टक्क, मग काही नाही.
"बगू नगंस," आई म्हणाली.
बघितलं नाही.