हँडब्रेक जॅम आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी.
लेक रविवारी येतेय. फोनवर म्हणाली, स्टेशनवरून टॅक्सी करीन. मी ठणकावून सांगितलं, घरची गाडी असताना टॅक्सी कशाला? मग म्हणाली, आईची गाडी? म्हटलं, हो. लायसन्स माझ्याकडेही आहे.
चालवायची मात्र ही. ही गेली तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी आहे. पण रोज बाहेरून पुसतो. अगदी लख्ख.
मागच्या ब्रेकच्या डिस्क तेवढ्या गंजल्यात. नव्या आणल्या. व्हिडिओतला माणूस अर्ध्या तासात बदलतो. मी एक तास धरतो.

त्याच दिवशी, दुपारी.
पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून गाडी जॅकवर घेतली. चाक काढलं. डिस्कला पकडणारा कॅलिपर काढला. काम झाल्यातच जमा. फक्त डिस्क निघत नाही. फिरतही नाही.
निदान: हँडब्रेक जॅम. डिस्कच्या पोटात त्याचे शू, म्हणजे वाकड्या ब्रेकपट्ट्या, असतात, ते गंजून आतून आवळून बसलेत. उद्या चुटकीसरशी.

४ मार्च.
गंज सोडवायचा स्प्रे मारला. अख्खा डबा. डिस्क ढिम्म.
वरच्या मजल्यावरचे मास्तर जिना उतरता उतरता विचारतात, हँडब्रेक खाली केलाय ना? अख्खी नोकरी पंपहाऊसवर काढलेल्या माणसाला हा प्रश्न!
तरी गाडीचं दार उघडलं एकदा. सीटवर धूळ फार. बाजूला हिचा स्कार्फ तसाच पडलेला. उगाच कशाला हलवा. दार लावून टाकलं.

५ मार्च. संध्याकाळी.
हातोडा. अंगठा सुजला. डिस्कला काही नाही.
खरी अडचण टॉर्चची. शेडमध्ये अंधार, आणि एक हात टॉर्चमध्येच अडकतो. पूर्वी ही धरायची. मी इकडे नट शोधतोय, आणि हिचा उजेड तिकडे भिंतीवर. काय काय बोलायचो तिला! आज टॉर्च दातात धरली. बोलता येत नाही. तसंही बोलणार कोणाला?

७ मार्च.
काल उकळतं पाणी ओतलं. पाय भाजला. आज विश्रांती.
मास्तर म्हणाले, मेकॅनिक बोलवा. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. मास्तर म्हणाले, गाडीची बॅटरी तरी चालू आहे का? या माणसाला चांगलं काही सुचतच नाही.
पण जाताना खांद्यावर हात ठेवून गेले. बरं वाटलं. म्हणून जास्त राग आला.

८ मार्च, शनिवार.
लेकीचा फोन. गाडी तयार का? म्हटलं, जवळजवळ. ट्रेन दुपारची आहे. पहाटे उठून एक शेवटचा घाव घातला की झालं. डिस्क, मग बॅटरी, मग स्टेशन. भरपूर वेळ आहे.
तिची खोली झाडून घेतली. दोनदा.

९ मार्च, रविवार.
लेक टॅक्सीने आली. मी शेडमध्येच, हातोडा घेऊन.
तिने बॅग खाली ठेवली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसली. काहीतरी खाली केलं, खट्ट असा आवाज आला.
हँडब्रेक इतके दिवस वरच होता. हिने ओढलेला. ही नेहमी दोन्ही हातांनी करकचून ओढायची. मी म्हणायचो, एक दिवस उपटून हातात येईल.
मी डिस्कला हात लावला. आली की अलगद.
वाटलं, लेक हसेल. ती स्कार्फ मांडीवर घेऊन बसून राहिली. मग विचारलं, बाबा, इतक्या महिन्यांत एकदाही आत बसला नाहीत?
म्हटलं, धूळ फार होती.
ती उतरली. डोळे पुसले. म्हणाली, दुसरी बाजू राहिलीय ना? टॉर्च मी धरते.
मी नट शोधत होतो, आणि तिचा उजेड भिंतीवर. मी काही बोललो नाही.