आठव्या नंबरची बाई

३ जून
सिस्टर म्हणल्या, वहीत लिहीत जा. कुठं सुजलं, कधी सुजलं, सुई कधी दिली. सातवीपोतर शिकलेय, तेवढं येतंय.
समर्थ, वय चार. डावा गुडघा, सकाळी. पडला न्हाय, धडकला न्हाय. आपोआप.
सासूनं हळद-तेल कोमट करून चोळलं. मायेनंच. म्या बी त्याचा पाय धरून बसले. दुपारपोतर गुडघा दुप्पट. मंग जळकोटहून एसटीनं धाराशिव. सारी वाट रडला.
डॉक्टर लई बोलले. "आत रक्त सांडायलंय आन् तुमी चोळायलाव?" बर्फ लावा म्हणले. असं सारखं झालं आन् सुई उशिरा मिळाली तर पाय वाकडा ऱ्हाईल.
वाकडा.

४ जून
दवाखान्यातच. सूज जरा कमी. सासू खाटंपशी म्हणली, "आमच्या घराण्यात असलं कुणाला न्हाय बाई."
सिस्टरला इचारलं, खरं सांगा. म्हणल्या, व्हय, हे रक्त न थांबायचं दुखणं आईकडून आलंय. पण तुझी चूक न्हाय, तुला ठाऊकच नव्हतं.
माझा मामा दात काढल्यावर गेला. रक्त थांबलंच न्हाई. तवा कुणाला काय कळलं…
सिस्टरनी सगळं नीट सांगितलं. दोनदा इचारून घेतलं.

९ जून
घरी. सासूला समजावून सांगितलं.
"आत्या, रस्त्याच्या कामावर आपण रांगेनं घमेली देत होतो का न्हाय? रक्त थांबायचं बी तसंच. हिनं तिला द्यायचं. समर्थच्या रांगंत आठव्या नंबरची बाईच न्हाय. घमेलं तिथंच पडतंय."
"का न्हाय?"
"तिला कसं बनवायचं त्याची चिठ्ठी असती अंगात. तिला जीन म्हणत्यात. ती चिठ्ठीच चुकलीय. बाई म्हंजे प्रोटीन, फॅक्टर आठ."
"मंग सुईत काय असतंय?"
"बदली बाई. एक-दोन दिस टिकती."
"मेली रोजंदारीवरचीच की!"
दोघी हसलो. लई दिसांनी.

१८ जून
दवाखाना. सिस्टरला घमेल्याचं सांगितलं. त्यांनी मला दुसऱ्या दोन आयांपुढं उभं केलं, म्हणल्या, सांग यांना. सांगितलं! एक तर बारावी झालेली.
शीर धरायला शिकवायलेत. आधी सिस्टरच्याच हातावर. समर्थचे बाबा सुई बघून बाहेर पळाले. ट्रक चालवितेत म्हणं.

२५ जून
समर्थची शीर. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नळीत लाल आलं. म्हंजे लागली.

२ जुलै
सुईच्या औषधाच्या दोन बाटल्या घरी दिल्या. फ्रिज शेजारच्या हसीनाभाभीचा. बर्फाच्या खणात ठेवायची न्हाय, दुधापशी ठेवायची. भाभी म्हणल्या, "दूध बाहेर काढीन, पर हिला हलवणार नाही." झोप न्हाय. एकटीला जमंल का?

९ जुलै
सकाळी समर्थ म्हणला, "आई, पायात मुंग्या." डा. गु. गरम लागला. बाबा गाडीवर, हैदराबादकडं. दोऱ्यानं गुडघा मापला, गाठ मारली.
बाटली आणली. आतल्या भुकटीत पाणी हळू सोडलं, हलवलं न्हाय, फिरवलं. सासूनं त्याचा हात धरला. तिचंच तोंड पांढरं पडलेलं. उ. हात, चुकली. लेकरू वरडलं. वाटलं, टाकावं समदं आन् एसटी धरावी. डा. हात. लाल आलं!! हळूहळू दिली सगळी.
नळावर सासूचा आवाज: "आमच्या सुनंनं दिली, घरातच. डॉक्टरीन हाय ती." म्या दाराआड ऐकत उभी. घागर भरून वाहिली तरी तिचं बोलणं चालूच.
संध्याकाळ. दोरा लावला. सकाळएवढाच. वाढला न्हाय, उतरला बी न्हाय. सिस्टरला फोन केला. म्हणल्या, उद्या सकाळी बघ, वाढला तर दुसरी बाटली दे आन् घेऊन ये.
समर्थ इचारायलाय, "आता खाली उतरू?"
थांब म्हणलं. जरा थांब.