लाल टोपणाची सिरिंज

प्रिय सूनबाई,

फोन हाताशी असताना सासू पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर माझा आवाज चढतो आणि खरं सांगायचं राहून जातं. ह्यांची तब्येत आता बरी आहे. चहात साखर नाही म्हणून काल माझ्याशी भांडले, म्हणजे गाडी रुळावर आली.

तू माहेरी गेल्यापासून औषधांचा खण मी आवरला नव्हता. आज आवरला. लाल टोपणाच्या सिरिंजा तिथेच आहेत. इन्सुलिनची नवी बाटली आणलीस तेव्हा तू म्हणाली होतीस, आई, या फेकून द्या, हे औषध जास्त कडक आहे, त्याला नारिंगी टोपणाचीच लागते. लाल सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट जाईल. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण उभा जन्म वॉर्डात काढलेल्या सासूला सुनेने शिकवावं, हे झोंबलं. तू जन्मायच्या आधीपासून सुया टोचतेय, असं ऐकवलंही तुला. वर चांगली वस्तू फेकवत नाही म्हणून त्या मागे सरकवून ठेवल्या.

त्या दिवशी सकाळचं इंजेक्शन तू दिलंस. बाटलीवरचं सगळं मोठ्याने वाचून, सिरिंज उजेडात धरून. पाढे म्हणतेस का गं, म्हणून मी हसले होते. दुपारचं मी दिलं. चष्मा कपाळावर, तोंडाची टकळी चालू, हाताला लागली ती सिरिंज उचलली. जेवण उरकेपर्यंत ह्यांना दरदरून घाम सुटला, जीभ जड झाली, मला ओळखेनात. साखरेचं पाणी पाजलं आणि दवाखाना गाठला. औषध जास्त गेलंय, डॉक्टर म्हणाले. वापरलेली लाल टोपणाची सिरिंज सुयांच्या डब्यात मीच टाकली होती, तेव्हा काय झालं ते मला तिथेच कळलं. तुझा नवरा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, सकाळी ती फार घाईत होती. एवढंच. तू घाईत होतीस हे खरंच होतं, पण याहून मोठं खोटं मी जन्मात बोलले नाही. पुढे तो तुला नाही नाही ते बोलला आणि मी आत भांडी घासत राहिले. माझी मला लाज वाटते.

परवा तुझी वॉर्डातली मैत्रीण बाजारात भेटली. म्हणाली, तू इंजेक्शन द्यायला हात लावत नाहीस, नोकरी सोडायची म्हणतेस, त्या सकाळी आपलंच चुकलं असणार असं धरून बसलीयेस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तुझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, आई, तिला पाठीशी घालू नकोस, तुझा हात कधी चुकत नाही. कितीही सांगितलं तरी पटेना. म्हणून हे माझ्या अक्षरात लिहून देतेय. त्याला दाखव, तुझ्या मेट्रनला दाखव, हवं तर दवाखान्याच्या फळ्यावर लाव. मला माफ कर असं म्हणायचं तोंड नाही. फक्त उद्या कामावर जा आणि पहिलं इंजेक्शन तू दे. तुझा हात चुकला नव्हता, माझा चुकला.

तुझीच,
आई