इरजिकीतलं नाव

आई, त्या पहाटे तू मला हलवून उठवलंस तेव्हा चूल केव्हाच पेटली होती. मी परातीत पीठ मळून देते, तू थापतेस, भाजतेस, टोपलीत टाकतेस. आपल्या रानात इरजिक होती. आजूबाजूचे शेतकरी आपापले बैल घेऊन आले होते. एका दिवसात सगळं रान नांगरून देणार, मजुरी नाही, फक्त संध्याकाळचं जेवण. ते जेवण रांधताना दिवसभरात तुझी पाठ एकदाही सरळ झाली नाही. पंगत बसली, रस्सा वाढून झाला आणि एक पावणे आबांना म्हणाले, "आबा, लय झकास जेवाण घातलंसा." आबा मिशीत हसले. मी दारातून म्हणाले, "सैपाक आईनं केलाय." सगळी पंगत हसली. "आबा, पोरगी वकील हुणार तुमची," कुणीतरी बोललं. तू मला दंडाला धरून आत ओढलंस. "काम झालं न्हवं? मग गप बस. बाईला कशाला पायजे नाव?" तुझ्या बोटांची राख माझ्या दंडाला लागली होती. मी ती मुद्दाम धुतली नाही, तुला दिसावी म्हणून. तू पाहिलंस आणि भांडी घासायला काढलीस.

तुला जाऊन खूप वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. हे गेले त्या वर्षी लेक पहिलीत होती. तू साताऱ्याकडून येऊन महिनाभर कुंडलला माझ्याजवळ राहिलीस, रात्री माझ्या डोक्यावर हात ठेवून झोपलीस, ते मी विसरले नाही. पण निघताना एस.टी.च्या खिडकीतून सांगितलंस काय, तर "सासरी लय बोलू नगं." नाही बोलले. पण नुसतं गप बसून माणूस करणार काय? लेकीचा अभ्यास घेते असं दाखवत तिच्याच पुस्तकातून मी वाचायला शिकले. आज गावच्या वाचनालयातली कादंबऱ्यांची कपाटं मी संपवत आणली आहेत. तू असतीस तर विचारलं असतंस, "बुकं वाचून भाकरी फुगती व्हय?"

त्या वाचनालयात आता कॉम्प्युटर आला आहे. पुस्तक घेतलं की चिठ्ठी निघते, पण तिच्यावर पुस्तकाच्या मराठी नावाच्या जागी नुसते रिकामे चौकोन यायचे. लेक सांगलीला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिला चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, ही चिठ्ठी काढणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नाही, याला ओपन सोर्स म्हणतात; देशोदेशीची माणसं पगाराविना तो दुरुस्त करतात, कुणीही हात लावू शकतं. मी म्हटलं, म्हणजे इरजिकच की. ती हसली. "तसंच समज. मी करते नीट."

पहिल्यांदा तिनं मार खाल्ला. चौकोनांची दुरुस्ती करताना तिला बाकीचंही गबाळं दिसलं, तेही आवरलं आणि सगळं एकदमच पाठवून दिलं. तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांकडून उत्तर आलं, की तुला कुणी सांगितलं होतं, एका वेळी एकच बदल पाठव, आणि तो चालतो हे दाखवणारी तपासणीही सोबत लिही. ती फोनवर रडली. मला त्यात नवल वाटलं नाही. इरजिकीला गेलेला माणूसही मालक दाखवील त्याच तासाला, नांगराच्या त्याच ओळीला औत धरतो, दुसऱ्याच्या रानात जाऊन बांध हलवत नाही. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "आई, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही." मग ती शिकली. आधी विचारायचं, लहान काम घ्यायचं, टाकून बोललेलं गिळायचं, पुन्हा पाठवायचं. परीक्षा सांभाळून ती अख्खं सत्र त्या चौकोनांच्या मागे होती.

मग एका संध्याकाळी फोन आला. "आई, चिठ्ठी नीट येणार आता. घेतलं त्यांनी."

"मग तोंड पाडून का बोलतीस?"

"माझं पाठवलेलं माझ्या नावावर न घेता बंद केलं आणि तेच त्यांच्यातल्या एकानं स्वतःच्या कामात घातलं. नव्या आवृत्तीत ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांची नावं आहेत. माझं नाही."

"चुकून राहिलं असंल."

"असेल. विचारलं तर म्हणतील, ही पोरगी नावासाठी आली होती."

आणि मी म्हणाले, "काम झालं न्हवं? मग गप बस."

ती म्हणाली, "बरं. मी आता त्यांना काही पाठवणार नाही," आणि फोन ठेवला. एवढ्या कष्टानं शिकलेलं ती माझ्या एका वाक्यावर सोडून द्यायला निघाली.

आई, इतकी वर्षं मी तुझ्यावर राग धरला, आणि तुझं वाक्य माझ्या तोंडातून एका अक्षराचाही फरक न पडता निघालं. तुला कुणी शिकवलं होतं ते? तुझ्या आईनं? मी कधी विचारलं नाही, आता विचारायला तू नाहीस. हे लिहिते आहे ते कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक कबूल करते. मी सांगलीला निघाले ती निव्वळ तिच्या काळजीनं नव्हे. बाई स्वतःचं नाव मागते तेव्हा ती कशी दिसते, ते मला बघायचं होतं.

फोनच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं गेले, होस्टेलच्या फाटकाशी तिला बोलावलं आणि सांगितलं, "लिही त्यांना. माझ्यासमोर लिही." तिनं तिथल्याच कट्ट्यावर बसून लिहिलं. मला इंग्रजी येत नाही, तरी तिचं लिहून, पाठवून होईपर्यंत मी उठले नाही.