माती मिळावी म्हणून

पाथर्डी,
ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. निकितास आईचे अनेक आशीर्वाद. मोहटादेवीच्या कृपेने आम्ही दोघे बरे आहोत.

पार्सल परवा मिळाले. खाऊचे डबे दोन, गुडघ्याचे मलम एक, अण्णांची टोपी एक, फोटो एक. पोस्टात जकातीचे तीनशे दहा रुपये भरावे लागले, तुझ्या तिकडच्या तिकिटांचे वेगळेच. अशी टोपी इथे साठ रुपयांत मिळते. पुन्हा पाठवू नकोस.

फोटो शेजारच्या मालनबाईला दाखवला. उसाच्या फडात उभ्या असलेल्या त्या जपानी बाया बघून म्हणाली, "आगं माय, ह्या तर आपल्याच टोळीतल्या! डोक्याला फडकं तसंच, कंबर तशीच मोडल्याली. मुकादम कुठं हाय ह्यांचा?"

मी म्हटलं, "सव्वाशे वर्षांपूर्वीचा फोटो आहे. आगबोटीनं, निकी राहते त्या हवाईला गेल्या होत्या, ऊस तोडायला."

"मंग उचल किती घेतल्याली, ते इचार निकीला." खूप हसलो.

तुझं पत्र मात्र मी एकटीनंच वाचलं. तुझ्या घरमालकीण हारुकोबाई, त्यांची आजी त्या बोटीत होती आणि तिचं तान्हं बाळ बोटीतच गेलं. गेलेल्याला समुद्रात सोडतात, म्हणून तिनं दोन दिवस पाजल्यासारखं करून ते लपवलं. किनारा आल्यावर त्याला माती मिळावी म्हणून. हे वाचल्यापासून भाजीत मीठ दोनदा पडतंय.

तू विचारलंस, आई, तू फडावर जायचीस तेव्हाचं काही सांग. फोनवर अण्णा शेजारी असतात. म्हणून लिहिते.

तुझ्याआधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची. बारसं व्हायचं होतं. टोळीचा ट्रक निघायच्या दिवशी तिचं अंग तापलं. तुझी आजी मुक्ताबाई म्हणाली, "विजे, तू ऱ्हा घरी. लेकरू लई तापलंय." अण्णाही म्हणाले, "मी एकटा जातो, अर्धा कोयता धरतील." मीच ऐकलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता; अर्ध्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटणार, हे मॅट्रिक झालेल्या मीच दोघांना समजावून सांगितलं.

करंजीच्या घाटात ती गार झाली. मला कळलं. मी पदर ओढून घेतला आणि पाजत बसले. शेजारची बाई म्हणाली, "पिती का?" मी म्हटलं, "पिती." सांगितलं असतं तर आम्हाला तिथंच उतरवून टोळी पुढं गेली असती. अण्णा बाप्यांबरोबर ट्रकच्या टपावर होते; संध्याकाळपर्यंत तशीच बसले. फडावर पोचल्यावर गेली, असंच अण्णांना आजवर वाटतं. त्यांनी बांधाला खड्डा केला. कुठला बांध, ते आता त्यांनाही आठवत नाही.

त्या बाईनं माती मिळावी म्हणून लपवलं. मी गाडी थांबू नये म्हणून.

तीस वर्षं झाली, पूजेला बसले की डाव्या मांडीवर भार येतो. चांगला नऊ दिवसांच्या लेकराएवढा. आरती होईपर्यंत मी पाय हलवत नाही. अण्णा म्हणतात, गुडघा धरला.

तू लिहिलंस, तिथल्या देवळामागं दगडाचे लहान देव आहेत, गेलेल्या लेकरांना सांभाळणारे. बाया त्यांना लाल कापड बांधतात, आणि हारुकोबाईही बोटीतल्या त्या बिननावाच्या बाळासाठी दरसाल बांधतात. सोबत एक लाल कुंची पाठवते आहे. माझ्या जुन्या खणाची शिवली, कापड विकत आणलं नाही.

हारुकोबाईंना सगळं सांग. मी कशासाठी लपवलं, तेही सांग, झाकू नकोस. मग विचार, दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या देवाची पोर तिथं चालेल का? नाही म्हणाल्या तर तसंच लिही. त्यांच्यावर राग धरू नकोस.

फोन करू नकोस. उलट टपाली कळव.

तुम्हा दोघींची आई,
विजयमाला