न वळणाऱ्यांसाठी दगड

आप्पा, ओळखलंत का, की आधी सांगावं लागेल? तुमची चौथी. आडतीवर कुणाची किती पोती पडलीत हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं, पण ही लेक कितवी हे दर वेळी आईला विचारावं लागायचं, म्हणून आपलं सांगितलेलं बरं. तुम्हाला जाऊनही चाळीसेक वर्षं झाली, आणखी विसरला असाल. अक्षर माझं नाही. मला कुठलं अक्षर. मी बोलते, नात लिहिते, आणि तिच्या मांडीवर दीड महिन्याची पोर आहे, तेव्हा एखादी ओळ वाकडी गेली तर ती माझ्यावर घालू नका.

मी जपानात आहे. हसू नका. जपानच्या पार खाली समुद्रात ओकिनावा नावाचं बेट आहे, त्यावरचं नाहा हे शहर. नात इथं नोकरीला. बाळंतपणाला तिच्या आईला येता आलं नाही, म्हणून मी आले. बर्फाबिर्फाचं नाव नाही, अंगाला लुगडं चिकटतं असा घाम. कौलांवर मातीचे सिंह बसवलेत, वडाच्या पारंब्या थेट रस्त्यावर उतरल्यात. बाजारात कारल्यांचे ढीग, शेजारी काळ्या गुळाचे खडे. मला वाटलं, आपल्या केजच्या बाजारातच आले. पुढच्या दुकानात डुकराचं अख्खं तोंड टांगलेलं, तेही हसरं. लिंगायताची बाई मी, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि पाय उचलला.

गंमत म्हणजे इथली पाटी नातजावयालाही वाचता येत नाही. एवढा इंजिनिअर, पण फोन तोंडापुढं धरून चालतो आणि त्याच त्या चौकात तीनदा येतो. शिकलेला माणूस अडाणी झाला की कसा दिसतो, ते मी इथं पाहिलं. म्हटलं, "जावईबापू, फोन ठिवा खिशात. त्यो जीभ काढलेला सिंह हाय न्हवं, तिथनं डावीकडं." पोचलो घरी. आयुष्यभर मी अशीच चाललेय, खुणांवर. तुम्ही मला दुसरं काही दिलंच नव्हतं.

मग मी एकटीच फिरायला लागले, सकाळी पोर झोपली की. इथं गल्ली जिथं भिंतीला जाऊन भिडते, तिथं भिंतीच्या पायाशी एक दगड असतो, त्यावर तीन अक्षरं कोरलेली. मला वाटलं, कुठला तरी देव. कमरेच्या बटव्यात विभूती होतीच. वाकले, तीन बोटं ओढली, हात जोडले. पुढच्या गल्लीत पुन्हा देव, पुन्हा तीन बोटं. असे सात-आठ देव झाले आणि मी हरवले. सिंह सगळे सारखे दिसायला लागले. उन्हात पायरीवर बसले, विचारायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत. मग समोर नजर गेली तर दगडावर माझी तीन बोटं. उठले. या दगडावरून त्या दगडावर, स्वतःचंच लिहिलेलं वाचत घरी आले, आप्पा. वयाच्या पंचाहत्तरीत.

नात हसून लोळली. म्हणाली, "आजी, त्यो देव न्हाई. वाईट वारं सरळच जातं, त्याला वळता येत न्हाई, असं इथले लोक मानतात. म्हणून समोर दगड. त्याला धडकून फुटतं." मी म्हटलं, "आमच्या आप्पासारखं." ती म्हणाली, "कावून गं?" का, ते आता तुमच्यादेखत सांगते.

युसूफ वडगावचा बाजार. मी आठ वर्षांची. बैलगाडीत पुढं तुम्ही, मागं पोत्यांवर मी. परतताना ओढा ओलांडला आणि मी मागं नाही. तुम्ही सरळ घरी. आईनं ताटं वाढली, एक ताट उरलं, तेव्हा तिनं विचारलं, "चौथी कुठं हाय?" तुम्ही म्हणालात, "हाय की, असंल इथंच." तेवढ्यात मी दारात उभी, दोन कोस चालून, गाडीच्या चाकोरीवरून. वाटलं, जवळ घ्याल. तुम्ही घास न थांबवता म्हणालात, "पोरीला लई पाय फुटलेत. उद्यापासनं उंबऱ्याच्या आत." शाळेत जायला लागून मला पंधरवडाही झाला नव्हता. माझी पाटी तुम्ही घराला लागूनच्या आपल्या दुकानाच्या दाराला टांगलीत, आत काय संपलंय ते लिहायला. लग्न होईस्तोवर रोज ती पाटी पुसून मीच हाती देत होते. तिच्यावर काय लिहिलेलं असायचं, मला आजवर माहीत नाही.

परवा इथल्या टेकडीवर गेले होते. कासवाच्या पाठीसारख्या मोठाल्या समाध्या, आणि एक अख्खं घर त्यापुढं चटई टाकून जेवत बसलेलं. हसत होते, आपल्या गेलेल्या म्हाताऱ्यालाही वाढत होते. एका बाईनं मला हातानं बोलावलं. मी बसले नाही. वावरात तुम्हाला आपल्या रीतीनं बसतं करून पुरलं, त्यानंतर मी एकदाही तिकडं फिरकले नाही. केज सोडून इथवर आले, पण त्या बांधापर्यंत पाय गेला नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही. नात म्हणते, जपून ठेवू. ठेव बाई. एवढं एकच लिहून घे. आप्पा, त्या दिवशी मी पडले नव्हते, मला झोपही लागली नव्हती. ओढ्यापाशी मी मुद्दाम उतरले. तुम्ही वळून बघता का, ते बघायचं होतं. गाडी बाभळीआड जाईपर्यंत उभी होते.

झालं. आता केजला भाच्याला फोन लाव. म्हणावं, सोमवारी आप्पाच्या समाधीवर डबा पाठव. ज्वारीची भाकरी आणि कारल्याची भाजी, त्यांना आवडायची ती. गूळ मात्र भाजीत घालायचा नाही. गुळाचा खडा वेगळा ठेवायचा, समाधीच्या पाठीमागं. हवा असेल तर वळतील.