खळ दिलेल्या जाळ्याची जबाबदारी

मी, शालिकराम वल्द जागेश्वर सोनकुसरे, वय बावीस, जात कोष्टी, धंदा पूर्वी शिक्षण व सध्या काही नाही, राहणार तांडापेठ, नागपूर, हा कागद कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या समजुतीने व माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ते लवकर तापते, पण तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, असे कचेरीसमोर बसणारे अर्जनवीस मारोतराव यांनी सांगितले आहे.

उद्या ग्रँड ट्रंक एक्सप्रेसने मी मद्रासकडे निघतो. तेथून रामेश्वरच्या बाजूला किनाऱ्यावर जाऊन कोळ्यांच्या नावेत बसणार आहे. मला पोहता येत नाही. म्हणून ही व्यवस्था.

१. घर वडिलांचे, मागही वडिलांचाच. त्यावर माझा काही दावा नाही. पोस्टाच्या पुस्तकात असेल ते आई जनाबाईने घ्यावे आणि चष्मा करावा. माझ्या तेरवीवर खर्च करू नये. सायकल वडिलांची. ते तिच्यावर बसणार नाहीत, विकतील. विकू द्यावी.

२. प्राणिशास्त्राची पुस्तके कॉलेजला द्यावीत, मात्र वर्गमित्र देवराव याच्या हाती पडू नयेत. त्याने भर वर्गात मला विचारले होते, "समुद्राचं तुले काय कळते गा, कोष्ट्या? अंबाझरीच्या पुढं पाणी पाह्यलं काय तू?" वर्ग हसला. खरे पाहता मी अंबाझरीचा तलावसुद्धा दोनदाच पाहिला होता. राग त्याचाच आहे.

३. आता जे खरोखर माझे आहे ते लिहितो, म्हणजे माझी चूक.

आपला देश आणि सिलोन यांच्यामध्ये एक उथळ समुद्र आहे. दोन्ही किनाऱ्यांचे कोळी एकाच पाण्यात एकच मासळी धरतात. पिल्लेच उचलली तर पुढे दोघांनाही काही उरायचे नाही. म्हणून दोन्ही देशांची समिती बसली आणि ठरले, की जाळ्याचे भोक दोन्हीकडे अडीच इंच ठेवायचे, पिल्लू निसटले पाहिजे. आमचे प्राध्यापक मधुकरराव अंबुलकर त्या समितीवर होते. नमुन्याचे जाळे कोण करील, असे त्यांनी वर्गात विचारले आणि मी उभा राहिलो, कारण पहिल्या बाकावर त्यांची मुलगी देवकी बसली होती. दुसरे कारण नव्हते.

मी ते जाळे लुगड्याच्या हिशोबाने केले. सुताला पेजेची खळ दिली, ते मागावर ताणले, गाठी मारल्या आणि ताणलेले असतानाच फूटपट्टी लावली. आमच्या घरात असेच मोजतात. भोक बरोबर अडीच इंच भरले. सरांनी मोजले, मग देवकीने स्वतः मोजून वहीत लिहिले, तेव्हा तिचे बोट माझ्या बोटाला लागले होते. दोन्ही देशांनी त्या नमुन्यावर लाखेचा शिक्का मारला. सूत, खळ, ताण, सगळे तसेच ठेवून दोन्ही किनाऱ्यांसाठी जाळी करविली.

लुगडे समुद्रात टाकत नाहीत. जाळे टाकतात. पाण्याने खळ धुऊन गेली, सूत आखडले, भोक दोन इंचांचेही राहिले नाही. कोळ्यांना ते पहिल्याच दिवशी दिसले असणार, पण त्यांना कोणी विचारले नाही. त्या हंगामात पिल्लेच पिल्ले वर आली. सिलोनवाले म्हणाले हिंदुस्थानाने फसवले, आपण म्हणालो सिलोनने.

सिलोनकडून आलेले तक्रारीचे पत्र सरांनी वर्गात वाचले आणि हळूच म्हणाले, "नमुना चुकला असावा." देवकी मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी उठून म्हणालो, नमुना नाही चुकला, तुमचे डोळे चुकले असतील, म्हातारे झालात. एवढे बोलून कॉलेज सोडले.

उरलेल्या जाळ्याच्या तुकड्यात आई कांदे टांगत असे. महिन्याभराने तिने तो नळावर धुऊन वाळत घातला आणि म्हणाली, "हे काहून एवढंसं झालं रे? कांदा आत जाऊन नाही राहिला." मी फूटपट्टी आणली. भोक दोन इंचांचेही भरले नाही.

तोवर सरांनी मोजमाप आपलेच चुकले असे लिहून समिती सोडली होती. मी समितीला तीन पत्रे लिहिली. उत्तर आले, की हा विषय दोन सरकारांमधला आहे, खाजगी इसमाचा पत्रव्यवहार विचारात घेता येत नाही. मंजूर नमुना पुढील बैठकीपर्यंत कायम. बैठक केव्हा, ते लिहिले नव्हते. तिकडे दोन्ही किनारे त्याच जाळ्यांनी पिल्ले उपसत आहेत. आधी त्यांनी थांबावे, असे दोघेही म्हणतात. देवकीने मी तिला लिहिलेली सर्व पत्रे परत केली. शेवटच्यावर लिहिले होते, "माझ्यासाठी नको, बाबांसाठी काही लिहिता आले तर लिही."

म्हणून लिहितो. चूक माझ्या हाताची आहे. मधुकरराव अंबुलकर यांचे मोजमाप बिनचूक होते. बिनखळीच्या सुताचे, भिजवून मोजलेले जाळे मी सोबत नेत आहे. दोन्हीकडच्या एकेका कोळ्याने जरी ते पाण्यात धरून पाहिले तरी पुरे. ते मला नावेत घेतील की नाही, माहीत नाही. माझ्या माघारी या कलमाची एक नक्कल समितीकडे व एक देवकीकडे जावी. अर्ज फाईलला लागतो, मृत्युपत्र वाचावे लागते, असा माझा हिशोब होता. मारोतराव म्हणाले, "वाचतेत ना. पण तू मेल्यावर. जिता वापस आला तं कोण उघडते याले?" तरी सही करतो.

ठिकाण : नागपूर, मुंबई राज्य. तारीख ३ मार्च १९५९.
सही : शालिकराम जागेश्वर सोनकुसरे

साक्षीदार पहिला : मारोतराव, अर्जनवीस.

दुसऱ्या साक्षीदाराची हकीकत, सहीखालचे लिखाण कायदा धरत नाही तरी, लिहून ठेवतो. मी काल धंतोलीला सरांच्या घरी गेलो. बंगल्यावर नोकराने थांब म्हटले नाही, जा म्हटले नाही. सर स्वतः बाहेर आले. समुद्रावर जातो, साक्ष पाहिजे, एवढेच सांगता आले. ते आज छत्री घेऊन कचेरीसमोर चालत आले. मी तिसरे कलम त्यांच्यापुढे केले. त्यांनी वाचायचा चष्मा खिशातून बाहेर काढला नाही.

"साक्षीदारानं फक्त सही होताना पाहायची असते. मजकूर वाचायचा नसतो. कुठे करू?"

मी म्हणालो, सर, एवढे एकच कलम. ते म्हणाले, "पोहता येत नाही ना तुला? नावेत मध्यभागी बसत जा." मारोतरावांनी जागेवर बोट ठेवले.

साक्षीदार दुसरा : म. वा. अंबुलकर. (मजकूर न वाचता.)